डोंगरउतारावरची नवी जमीन : आधी पाण्याची वाट, मग पीक

उतारकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

डोंगरउतारावर नव्याने लागवडीखाली आणायची जमीन ज्यांच्या वाट्याला आली आहे, त्यांच्यासाठी हा धागा काढतोय. आमची वसाहत अशाच जमिनीवर उभी राहिली. यंदा नववं वर्ष. यातली पहिली चार वर्षं एकच चूक निस्तरण्यात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कुणाचा अनुभव वेगळा असेल तर जरूर मांडा.

सगळ्यात आधी एक सांगतो. उतारावर पहिला नांगर घालायच्या आधी पाण्याची वाट ठरवा. नवा माणूस झुडपं तोडतो, जमीन मोकळी करतो, पेरणी उरकतो आणि पाण्याचं पावसात बघू म्हणतो. पावसात बघायला सवड मिळत नाही. एका रात्रीत बोटभर ओघळ पडतो, आठवड्यात त्यात पाय मावतो आणि हंगाम संपेपर्यंत त्यात माणूस उभा राहतो.

आता आमची चूक. जमीन हाती आली तेव्हा सगळ्यांनाच घाई होती. यंत्र लावून पंधरा दिवसांत अख्खा उतार पायऱ्या-पायऱ्यांचा करून घेतला. लांबून बघताना ऊर भरून यायचा, इतकं ते काम देखणं दिसत होतं. पण यंत्रानं डोंगराकडची बाजू कापली आणि ती माती दरीकडच्या बाजूला ढकलली. त्यात वरची सुपीक माती भरावाच्या तळाशी गाडली गेली आणि डोंगराकडच्या अर्ध्या पायरीवर नुसता मुरूम उघडा पडला. पहिल्या पिकाच्या वेळी मी एका पायरीवर आडवा चालत गेलो. दरीकडच्या कडेला ताटं कमरेला लागत होती. मधोमध ती गुडघ्यावर आली. डोंगराकडे पोचलो तर वीतभर उंचीची पिवळी रोपं, आणि बोटानं उकरलं तर नखात माती शिरेना. पाऊल न पाऊल टाकताना पीक खाली खाली जाताना दिसत होतं. त्या आतल्या पट्ट्याला वळणावर आणायला चार वर्षं शेणखत आणि हिरवळीचं खत घालावं लागलं.

हे टाळायचा हिशोब साधा आहे. जमीन शेकडा २५ उताराची असेल, म्हणजे १०० मीटर आडवं गेलं की २५ मीटर खाली, तर ४ मीटर रुंदीच्या पायरीला १ मीटरचा फरक पडतो. त्यातला निम्मा, म्हणजे अर्धा मीटर, डोंगराकडे कापावा लागतो आणि निम्म्याचा बाहेर भराव होतो. माती मुळात ६० सेंटिमीटर खोल असेल तर आतल्या कडेला उरली फक्त १० सेंटिमीटर. त्यात काय पिकणार? पायरी २.४ मीटरची धरली तर कापणी ३० सेंटिमीटरवर येते आणि आत ३० सेंटिमीटर माती शाबूत राहते. म्हणून रुंदी ठरवायच्या आधी ठिकठिकाणी खड्डे घेऊन मातीची खोली मोजा. दोन दिवसांचं काम आहे. आम्ही ते केलं नाही.

---

नवखा_कुणबी

उतारकरदादा, अगदी वेळेवर धागा काढलात. आमची पंधरा कुटुंबं आहेत, जमीन नुकतीच ताब्यात आली. झुडपं आणि बुंधे काढायचं काम चालू आहे. दोन प्रश्न आहेत.

पायऱ्या वरून खाली काढत यायच्या की खालून वर? एकजण वरून सांगतो, दुसरा खालून.

दुसरा जास्त अडचणीचा. पहिल्या वर्षी पीक घेतलंच नाही तर घरं चालणार कशी? पाण्याची वाट आधी हे पटतंय, पण पोटं थांबत नाहीत.

---

उतारकर

@नवखा_कुणबी, दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. वरून सुरुवात केली की अर्ध्यात पाऊस आला तरी वरचं पाणी ताब्यात असतं. खालून सुरुवात केली की वरची माती वाचवता येते. सगळ्यात खालच्या पायरीची सुपीक माती आधी खरवडून बाजूला ढीग घालायची, पायरी सपाट करायची. मग तिच्या वरच्या पायरीची सुपीक माती ओढून या तयार पायरीवर पसरायची, आणि असंच वर वर जायचं. शेवटी बाजूला ठेवलेला ढीग सगळ्यात वरच्या पायरीवर न्यायचा. ही पद्धत मंद आहे, पण आमच्यासारखा आतला पट्टा मरत नाही.

दोन्ही साधायचं असेल तर पायऱ्यांना हात लावण्याआधी सगळ्यात वर, लागवडीच्या हद्दीच्या डोक्यावर, एक वळणचर खणा. डोंगरावरून येणारं पाणी तिथंच अडून बाजूच्या पाणवाटेला लागलं पाहिजे. चराला अगदी थोडा ढाळ द्या, पाणी चालावं पण धावू नये इतकाच. आणि पाणवाटेत गवत धरलं की मगच तिच्यात पाणी सोडा. उघड्या मातीच्या पाणवाटेत पाणी सोडलं तर घळ आपण आपल्या हातानं खणल्यासारखं होतं.

पोटापाण्याच्या प्रश्नावर माझं मत स्पष्ट आहे. सगळी जमीन एकदम उघडी करू नका. सगळ्यात कमी उताराचा, सगळ्यात खोल मातीचा तुकडा निवडा. सगळं शेणखत त्यात ओता आणि पहिल्या वर्षी पीक त्यातच घ्या. बाकीच्या उतारावर झुडपं राहू द्यात. ती आज तुमची माती धरून आहेत.

---

मातीवाचक

छान धागा. माझं काम मातीशी आणि पाण्याशी येतं, म्हणून थोडी भर घालतो.

उताराचे अंश आणि शेकडा यांत नेहमी गल्लत होते. ४५ अंश म्हणजे शेकडा १००. १५ अंश म्हणजे साधारण शेकडा २७, आणि २५ अंश म्हणजे साधारण शेकडा ४७. चीनच्या १९९१ च्या माती-पाणी संवर्धन कायद्यानं २५ अंशांपेक्षा जास्त उतारावर नवी लागवड करायला बंदी घातली. १९९९ पासून तर त्यांनी अशा उतारांवरची चालू शेती सोडून झाडं लावणाऱ्या शेतकऱ्यांना धान्य आणि पैसे द्यायला सुरुवात केली. वाट्याला आलेल्या जमिनीत इतका खडा भाग असेल तर तो चारा, जळण आणि फळझाडांसाठी ठेवावा. त्यात नांगर नकोच.

पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याची ओरबाडण्याची ताकद चौपट होते. त्यामुळे उतार कमी करता आला नाही तरी उताराची सलग लांबी तोडणं फार उपयोगाचं असतं. दर काही मीटरवर पाण्याला अडखळायला लावलं की त्याला वेग घ्यायला जागाच मिळत नाही.

तिसरी गोष्ट नव्या वसाहतींत हमखास विसरली जाते. झाड तोडलं तरी त्याची मुळं लगेच कुजत नाहीत. पहिली दोन-तीन वर्षं मेलेली मुळंच उतार धरून ठेवतात आणि सगळ्यांना वाटतं, काही धोका नाही. मुळं कुजली आणि नव्या झाडांची मुळं अजून पुरेशी खोल गेलेली नसली, की दरड घसरायचा धोका वाढतो. साधारण तिसऱ्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंतचा हा काळ. पहिले दोन पावसाळे सुखरूप गेले म्हणून निश्चिंत होऊ नका. घरं ओढ्याच्या तोंडाशी आणि कापलेल्या उभ्या कड्याच्या पायथ्याशी बांधू नका. पायरीच्या कडेला लांबच लांब भेग दिसली तर ती आधी मातीनं बुजवा म्हणजे पाणी आत जाणार नाही, आणि मग कारण शोधा.

---

रानसाळुंकी

सगळे पायऱ्यांवर बोलताय, मला पायवाटांवर बोलायचंय.

आमच्या उतारावरची पहिली घळ शेतात पडलीच नाही, ती पाण्याला जायच्या वाटेवर पडली. घरं वर आणि झरा खाली. आम्ही बायका रोज हंडे घेऊन सरळ खाली उतरायचो, कारण सरळ वाट जवळची. गुरंही त्याच वाटेनं जायची. दोन महिन्यांत गवत गेलं, माती घट्ट झाली आणि वाटेचा मध्य खोलगट झाला. पहिल्या मोठ्या पावसात सगळ्या पायऱ्यांचं जादा पाणी त्या वाटेनं धावलं. त्या हंगामात वाट माझ्या गुडघ्याएवढी खोल गेली. हे मी मापानं सांगतेय, कारण त्यातूनच हंडा घेऊन चढत होते.

म्हणून वाटा पहिल्याच दिवशी आखा. नागमोडी, उताराला तिरक्या. दर वळणावर दगडाची एक आडवी ओळ, पाणी बाहेर गवतात काढून देणारी. गुरांची वाट वेगळी. आणि जमीन आखायला बसाल तेव्हा पाणी आणणाऱ्या बायकांना सोबत बसवा. कुठं पाय घसरतो आणि पाऊस थांबल्यावरही कुठं पाणी पाझरत राहतं, ते त्यांना तोंडपाठ असतं. आमच्याकडे पाझराची जागा कुणी विचारली नाही आणि नेमकी तिथंच पायरी काढली. ती पायरी दर पावसाळ्यात बसते.

---

झुळझुळ

रानसाळुंकीताई, +१. वाटेचं कधी डोक्यातच आलं नव्हतं. वाचनखूण साठवली.

---

ओळंबा

मी गवंडीकाम करतो, उतारावर कोरडे दगडी बांध रचतो. समतल रेषा काढायला महागडी यंत्रं लागत नाहीत. दोन सारख्या उंचीच्या काठ्या वर टोकाला बांधायच्या, मध्ये आडवी पट्टी, आणि टोकापासून दोरीनं दगड लोंबता सोडायचा. झाली ए-फ्रेम. सपाटीची खूण करायला फ्रेम एकदा उभी करून दोरी पट्टीवर कुठं येते ते लिहायचं, मग दोन्ही पाय अदलाबदल करून पुन्हा लिहायचं. दोन खुणांच्या मधोमध खरी समतल खूण. ही अदलाबदल लोक टाळतात आणि मग पूर्ण रेषा एका बाजूला झुकते. वारा असेल तेव्हा आखणी करू नका, दगड हलत राहतो.

बांधाबद्दल. पाया घट्ट मातीत किंवा मुरमात घ्या, भरावावर कधीच नको. बांधाचं तोंड डोंगराकडे कललेलं असावं. मोठे दगड खाली, आणि मधून मधून लांब दगड आत खोल घुसवलेले, म्हणजे बांध मागच्या भरावाला धरून राहतो. बांधाच्या मागं माती थेट लावू नका. एक हात रुंदीची दगडगोट्यांची भर घाला म्हणजे पाणी त्यातून खाली उतरून निघून जाईल. कोरडा बांध पडतो तो बहुतेक मागं साठलेल्या पाण्यानं. सिमेंट भरून पाण्याची वाट बंद केलेला बांध तर जास्त लवकर फुगतो. पोट पुढं आलेला बांध दिसला की पावसाळ्याआधी उतरवा आणि पुन्हा रचा. दोन दिवसांत होतं.

इटलीत समुद्रकाठच्या चिंक्वे तेर्रेच्या उभ्या डोंगरावर असेच कोरडे बांध आहेत, १९९७ साली तो भाग जागतिक वारशात गेला. पण माणसं शेती सोडून गेली, बांध कुणी रचेना. आणि २५ ऑक्टोबर २०११ च्या पुरात तिथल्या गावांत डोंगरावरून दगडमाती उतरली. पायरी काढली की ती कायम राखावी लागते, नाहीतर तिनं अडवलेली माती सैल होऊन खाली येते. राखायला माणसं नसतील तर त्या भागात पायरी काढूच नका.

---

हिरवी_ओळ

इथं थोडं विरोधात बोलते. ज्यांच्याकडे दगड नाहीत, मनुष्यबळ नाही, त्यांनी पायऱ्यांच्या मागं लागूच नये असं माझं मत आहे.

फिलिपिन्समधल्या मिंदानाओत १९७० च्या दशकात एका ग्रामीण केंद्रानं छोट्या शेतकऱ्यांसोबत वेगळी पद्धत बसवली. समतल रेषांवर दर ४ ते ५ मीटरला नत्र धरणाऱ्या झुडपांच्या दाट दुहेरी ओळी लावायच्या, मधल्या पट्ट्यात पीक घ्यायचं. झुडपं वाढली की छाटायची आणि पाला पट्ट्यात पसरायचा. खाली वाहणारी माती ओळीला अडते आणि काही वर्षांत पायरी आपोआप घडत जाते. त्या कामासाठी केंद्राचे प्रमुख हॅरल्ड वॉटसन यांना १९८५ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

पण त्यातलीही एक चूक सांगते, कारण ती मी स्वतः केली. सुरुवातीला तिथं सगळा भर सुबाभळीवर होता. १९८० च्या दशकाच्या मध्यात तिच्यावर रस शोषणाऱ्या किडीचा हल्ला झाला आणि ओळीच्या ओळी बसल्या. मग त्यांनी गिरिपुष्पासारखी वेगवेगळी झुडपं मिसळली. मी पण एकाच जातीच्या ओळी लावल्या होत्या. त्या रोगानं गेल्या आणि ऐन पावसात मातीला अडसर उरला नाही. आता दोन ओळींत दोन जाती, आणि मधून वाळा. वाळ्याचे ठोंब १०-१५ सेंटिमीटरवर लावले की वर भिंत होते आणि मुळं सरळ खाली जातात, शेजारच्या पिकाचं पाणी फारसं खात नाहीत.

---

उतारकर

@हिरवी_ओळ, विरोध कुठं, हे पूरकच आहे. आम्ही दुसऱ्या टप्प्याची जमीन तुमच्याच पद्धतीनं घेतली. एक अडचण मात्र आली. पट्ट्याचा वरचा भाग हळूहळू हलका झाला आणि सगळा कस खालच्या ओळीपाशी गोळा झाला. मग छाटलेला पाला सारखा पसरण्याऐवजी मुद्दाम पट्ट्याच्या वरच्या अर्ध्यातच टाकायला लागलो. तिसऱ्या वर्षी फरक दिसला.

---

बुंधेराखण

नवखा_कुणबी यांनी बुंधे काढायचं लिहिलंय, म्हणून घाईनं लिहितो. सगळे बुंधे काढू नका!

नागालँडमधलं खोनोमा गाव बघा. अंगामी जमातीचे शेतकरी तिथं फिरत्या शेतीत अल्डरची झाडं ठेवतात. माणसाच्या डोक्याच्या आसपास उंचीवर झाड छाटायचं, खाली पीक घ्यायचं. पीक संपून जमीन पडीक राहिली की त्याच खोडाला पुन्हा फुटवे येतात. अल्डरच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत आणतात, पाला कुजून खत होतो, फांद्यांचं जळण होतं आणि मूळ जिवंत राहिल्यानं उतार धरून राहतो. मातीवाचक यांनी सांगितलेला मुळं कुजण्याचा धोका या एका सवयीनं किती कमी होतो बघा. फुटवे येणारी जी झाडं तुमच्या उतारावर आहेत ती ओळखा आणि त्यांचे बुंधे राखा.

---

जुनी_पानं

वसाहतीच्या शेतीचा इतिहास वाचायची मला ओढ आहे. जपानचं उदाहरण इथं आलंच पाहिजे.

युद्ध संपल्यावर १९४५ च्या नोव्हेंबरमध्ये जपान सरकारनं तातडीची भूमी-विकास योजना काढली. पाच वर्षांत १० लाख कुटुंबं आणि १५.५ लाख हेक्टर नवी जमीन, असं लक्ष्य होतं. मांचुरियातून (चीनच्या ईशान्य भागातून) परतलेले शेतकरी, सैनिक, शहरांत घरं जळालेली माणसं या जमिनींवर गेली. चांगल्या जमिनी आधीच कसल्या जात होत्या, त्यामुळे यांच्या वाट्याला बरेचदा डोंगरपायथे, पठारं, ज्वालामुखीचे उतार आले. ओहिनाता गावातून मांचुरियाला गेलेले काही लोक परतल्यावर असामा ज्वालामुखीच्या पायथ्याशी, करुइझावाजवळ वसले. जंगल तोडून बुंधे हातानं उपटत त्यांनी शेत केलं.

या माणसांचं सगळ्यात मोठं दुःख मातीचं होतं. ज्वालामुखीच्या राखेची माती काळीभोर आणि मऊ दिसते, बघणाऱ्याला वाटतं सोनं लागलं. पण ती आम्ल असते आणि स्फुरद अशी धरून ठेवते की पिकाला मिळत नाही. चुना, स्फुरद आणि शेणखत मिळाल्याशिवाय ती पिकत नाही, आणि त्या काळात खताचा दुष्काळ होता. पुष्कळ कुटुंबं सोडून गेली. टिकली त्यांतल्या अनेकांनी धान्याचा हट्ट सोडला आणि दुभती जनावरं, थंड हवेतली कोबीसारखी भाजी याकडे वळली. डोंगरावरची थंडी धान्याला मारक होती, तीच भाजीला पोषक ठरली. सपाटीवरचं पीक डोंगरावर चढवण्याऐवजी डोंगराला काय मानवतं ते शोधलेली माणसं टिकली, असं मला वाचताना सारखं जाणवतं.

---

मातीवाचक

@जुनी_पानं, फार मोलाचं लिहिलंत. नव्या जमिनीचा सामू (pH, आम्लतेचं माप) पेरणीआधी तपासाच. तो ५.५ च्या खाली असेल तर मातीतलं ॲल्युमिनियम विरघळून मुळांची टोकं मारतं, मग वरून कितीही खत घाला. रोप उपटून बघा. मुळं आखूड, जाड आणि टोकाशी करपल्यासारखी असतील तर आधी चुना.

---

सातबारा_हवा

तांत्रिक सगळं पटतं. पण जमीन आपली राहणार का हे माहीत नसताना कोण बांध घालेल?

आमच्या भागात ताबा दिला, कागद वर्षानुवर्षं दिले नाहीत. कुणीही फळझाड लावलं नाही. दरवर्षी जाळायचं, पेरायचं, मिळेल ते घ्यायचं. आळशी कुणी नव्हतं, उद्या उठवतील ही भीती होती. कागद हातात आले त्या वर्षापासून लोकांनी बांध घालायला घेतले.

केनियातल्या मचाकोसचं उदाहरण याच कारणानं मला जवळचं वाटतं. १९३० च्या दशकात तिथले डोंगर उघडे पडले होते. वसाहती सरकारनं सक्तीनं बांध घालून घेतले, लोकांनी ते मनापासून राखले नाहीत. पुढं लोकसंख्या साधारण पाच पट झाली, तरी उतार सुधारले. लोकांनी स्वतःच्या जमिनीवर, स्वतःच्या गटांनी आणि बाजारात विकता येईल अशा पिकासाठी बांध घातले. त्यांची पद्धत 'फान्या जू', म्हणजे 'वर टाका'. समतल रेषेवर चर खणायचा आणि माती चराच्या वरच्या बाजूला टाकायची. वाहून येणारी माती त्या बांधाला अडत जाते आणि काही वर्षांत पायरी होते. कुदळ, फावडं आणि शेजाऱ्याचा हात, एवढ्यावर होतं.

---

रानसाळुंकी

शेजाऱ्याचा हात, हे खरं. आमच्याकडे वळणचर सगळ्यांनी मिळून खणला, पण साफ करायची पाळी ठरवली नाही. चर एकाच्या हद्दीत गाळानं भरला आणि फुटला तो तिसऱ्याच्या शेतात. पाळी आधी ठरवा. लिहून ठेवा.

---

नवखा_कुणबी

धागा वर काढतोय. हंगामाच्या मध्यावर आलो आहोत.

तुमचं सगळं वाचून पंधरा कुटुंबांनी बसून ठरवलं. सगळ्यात मंद उताराचा तुकडा पहिल्या वर्षी सामाईक कसायचा. वळणचर खणला, पाळ्या लिहून भिंतीला लावल्या. वाटा आखताना आमच्या घरातल्या बायका पुढं होत्या. त्यांनी दोन पाझराच्या जागा दाखवल्या, तिथं पायरी न काढता वाळा आणि चारा लावला. उरलेल्या उताराचे बुंधे तसेच ठेवले.

मोठ्या पावसाच्या रात्री मी काचेच्या दोन बाटल्या घेऊन गेलो होतो. एक आमच्या पाणवाटेच्या तोंडाशी भरली, दुसरी पलीकडच्या उतारावरून येणाऱ्या ओघळाची, जो एकदम सगळा मोकळा केला आहे. दोन्ही रात्रभर खिडकीत ठेवल्या. सकाळी ओघळाच्या बाटलीत तीन बोटं गाळ बसला होता. आमच्या बाटलीत तळाला जेमतेम नखाएवढा थर, वरचं पाणी चहासारखं लालसर पण आरपार दिसणारं. आई ती बाटली हातात घेऊन बराच वेळ उजेडाकडे धरून बघत होती.

सगळं चांगलंच आहे असं नाही. पाणवाट ओढ्याला मिळते तिथं शेवटच्या दोन हातांत पाणी उडी मारतंय आणि खाली खड्डा पडायला लागलाय. ओळंबादादा, तिथं दगड कसे रचू? मोठे खाली ठेवून पायरी करू की नुसती दगडांची भर पुरेल? उद्या सकाळी माणसं गोळा करतोय.

---

ओळंबा

नुसती भर वाहून जाईल. उडीची जागा दोन-तीन बुटक्या पायऱ्यांत तोड. प्रत्येक पायरीचा पहिला दगड खालच्या घट्ट तळात निम्मा गाडायचा, आणि मध्य कडांपेक्षा खोलगट ठेवायचा म्हणजे पाणी बाजूनं कोरत जाणार नाही. शेवटच्या पायरीखाली चपट्या दगडांची फरशी कर, पाणी पडतं तिथून पुढं दोन हात. रचून झालं की फोटो टाक, बघून सांगतो.